मास्तरांची आठशे आणि फेरीवरचं मिसिंग

गाडी मिसिंग मारते, म्हणजे इंजिन मधेच झटके खातं, पण फक्त फेरीबोटीच्या धक्क्यावर, बाकी कुठेच नाही. अशी कंप्लेंट घेऊन मास्तर आले तेव्हा गॅरेजमधला पोरगा तोंड फिरवून हसला. मी हसलो नाही, कारण त्याआधी दोन गॅरेजवाल्यांनी त्यांच्याकडून पैसे घेऊन झाले होते आणि डिकीत जुन्या पार्टची पिशवी होती, प्लग, प्लगच्या वायरी, डेल्कोची (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप, रोटर, वर एक धडधाकट कॉइल. सगळं नवीन बसवून गाडी जशीच्या तशी.

मास्तर चोडणचे, म्हणजे गोव्यात मांडवी नदीतल्या बेटावरचे, मराठी शाळेतून रिटायर झालेले. गाडी १९९८ ची मारुती आठशे, कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पहिल्यापासून एकाच हातात. तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर सुटला की एक तृतीयांश इंजिन गेलं, सगळी गाडी थरथरते, स्टेअरिंगवर हात ठरत नाही, त्यामुळे मास्तरांना भास होत असेल असंही म्हणता येईना. शेजारी म्हणे त्यांना सांगत होता, नदीवर देवचार (जागेचा राखणदार) आहे, नारळ ठेवा. मास्तर म्हणाले, "ठेवला. पण प्लग पण बदलले."

माझं गॅरेज डिचोलीला. खाणी चालू होत्या तोवर खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकचीच कामं, २०१२ ला खाणी बंद पडल्या तसं जे येईल ते घ्यायला लागलो, आणि जुन्या पेट्रोल गाड्यांवर हात बसला तो तेव्हापासून. नव्या गाडीत हे काम सोपं असतं, स्कॅनर लावला की पी ०३०१, पी ०३०२ असा कोड येतो, शेवटचा आकडा म्हणजे कुठला सिलिंडर मिस करतोय ते. आठशेला स्कॅनर कुठे लावणार, कान लावायचा.

चोडणहून डिचोलीला यायला फेरी लागत नाही, मयेवरून सरळ रस्ता आहे. त्यामुळे गाडी माझ्याकडे यायची ती एकदम शहाण्यासारखी. एकेक प्लगची वायर काढून बघितली, तिन्ही सिलिंडरला आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) सारखंच पडतं, म्हणजे तिघेही काम करतायत. कॉम्प्रेशन तिन्हीला जवळपास सारखं. टायमिंग बरोबर, टॅपेट बरोबर. एकच गोष्ट खटकली. प्लग काढून ओळीने ठेवले तर दोन छान तपकिरी आणि एक पांढरट. पांढरा प्लग म्हणजे त्या सिलिंडरला पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. कार्बोरेटर एकच, पेट्रोल तिघांना तिथूनच जाणार, मग एकालाच कमी कसं पडेल? म्हणजे त्या एका सिलिंडरजवळ कुठूनतरी चोरटी हवा आत येतेय. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटवर क्लीनरचा फवारा मारून बघितला, गळती असेल तर आवाज बदलतो, काही बदललं नाही.

मग उताराचं डोक्यात आलं. धक्क्यावर गाडी नाक खाली करून उभी राहते, कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल पुढे सरकतं, लेव्हल चुकीची असेल तर पेट्रोल-हवेचं मिक्स्चर बिघडू शकतं. गॅरेजच्या मागे चांगला उतार आहे, तिथे गाडी नाक खाली करून चाकांना दगड लावून चालू ठेवली. पोरगा चहा घेऊन आला, चहा संपला, गाडी घड्याळासारखी टिकटिक चालू. फ्लोट सुटला यातून.

शेवटी म्हटलं मास्तर, मी येतो तुमच्याबरोबर फेरीला.

सकाळची वेळ, चोडणच्या बाजूला ही रांग, सगळे पणजीला ऑफिसला जाणारे. फेरी रायबंदरच्या बाजूला होती. मी शेजारच्या सीटवर, मास्तर गाडी चालवतायत, तोपर्यंत काही नाही. रांग पुढे सरकत धक्क्याच्या उतारावर आलो, थांबलो, आणि सुरू झालं. आधी हलका झटका, मग सायलेन्सरमधून फट्... फट् फट्, आरशातलं मागचं सगळं हलायला लागलं. मास्तर माझ्याकडे बघतायत, बघा म्हटलं होतं ना, अशा तोंडाने. मी बोनेटकडे बघतच नव्हतो, मी त्यांच्या पायाकडे बघत होतो. उजवा पाय ब्रेकवर घट्ट दाबलेला.

"मास्तर, हँडब्रेक?"

"तो कुठला लागतोय मेस्त्री, केबल कधीची सैल झालीय. मी पायावरच धरतो."

काच वर करायला सांगितली, डोकं खाली डॅशबोर्डाखाली घातलं, तर पेडलच्या मागून बारीक सुऽऽऽ असा आवाज, कोणीतरी दातातून हवा ओढतंय तसा. म्हटलं पाय काढा जरा. "पाय काढू? गाडी सरळ मांडवीत जाईल!" त्यांचंही बरोबर, आमच्या पुढे दोन स्कूटर आणि मग पाणी. खाली उतरलो, कडेचे दोन धोंडे आणून पुढच्या चाकांना लावले, आणि मग सांगितलं आता काढा. पाय काढला, इंजिन शांत. दाबा, फट् फट्. काढा, शांत. तोवर फेरी लागली, गाड्या उतरून गेल्या, फेरीबोटीवरचा माणूस ओरडतोय "गाडी मुखार व्हर रे!" (गाडी पुढे घे रे), मागचे हॉर्न मारतायत आणि मास्तर आपले दाबतायत, सोडतायत, त्यांना एकदम मजाच यायला लागली होती. धोंडे काढून आम्ही गाडी रांगेतून बाजूला घेतली.

भानगड अशी. ब्रेक हलका लागावा म्हणून पेडल आणि ब्रेक ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या मध्ये बूस्टर असतो, त्यात रबराचा मोठा पडदा, आणि त्याला इंजिनच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो एका जाड पाइपने. पेडल दाबलं की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा सोडली जाते, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, त्या फरकाने ब्रेकला जोर मिळतो. पडदा फाटला की ती हवा पलीकडे जाते आणि पाइपातून थेट इंजिनात, कार्बोरेटरला न विचारता. आयडलिंगला इंजिन मुळात हवा घेतं थोडीशी, त्यात ही फुकटची मिसळली की मिक्स्चर पातळ, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, आणि ज्या सिलिंडरजवळ तो पाइप लागतो तो आधी सुटतो. पांढरा प्लग त्याचाच. चालत्या गाडीत ब्रेक दाबला तरी क्षणभर, चाकं इंजिनला फिरवत असतात, कळत नाही. चोडणमध्ये सिग्नल नाही. पाय दाबून मिनिटांवर मिनिटं उभं राहायची मास्तरांना एकच जागा, धक्का.

खात्रीसाठी पाइपाला फडकं गुंडाळून पकडीने दाबून धरला, ब्रेक दाबायला सांगितला, मिसिंग गायब. (हे फक्त उभ्या गाडीत बघायला, पाइप बंद करून गाडी चालवायची नाही, ब्रेक दगडासारखा होतो.) मग इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत मारलं, पाय दाबून ठेवून स्टार्टर दिला. चांगल्या बूस्टरला पेडल पायाखाली खाली जातं, यांचं जेमतेम हललं.

मयेवरून हळूहळू गॅरेजला आणली. मास्टर सिलिंडर सोडवला आणि बूस्टर तिरका केला तर आतून ब्रेक ऑइल ओघळलं, चहाचा अर्धा कप तरी असेल, काळंकुट्ट. मास्टर सिलिंडरचा मागचा सील गेलेला, तेल बूस्टरमध्ये झिरपत होतं, त्यानेच रबर खाल्लं असणार, पंचवीस वर्षांचं रबर असं पण काय राहिलेलं. मास्तरांना विचारलं, ब्रेक ऑइल कमी व्हायचं काय हो? तर म्हणाले, "होय, मी घालत असतो ना अधूनमधून, छोटी बाटली आहे घरात." कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं, कंप्लेंट इंजिनाची होती ना. म्हणजे ह्या माणसाचे ब्रेक जायच्या वाटेवर होते आणि सगळेजण प्लग बदलत बसले होते, माझ्या अंगावर खरंच काटा आला, त्या उताराचं टोक पाण्यात आहे.

बूस्टर म्हापशाहून आणला, मास्टर सिलिंडर पण नवीनच घातला, नुसते सील बदलायच्या किटच्या नादाला लागलो नाही. ब्रेकची हवा काढली, आयडलिंग परत सेट केलं कारण आधीच्यांनी मिसिंग लपवायला ते उगाच चढवून ठेवलं होतं. पिशवीतली जुनी कॉइल मास्तरांना परत दिली, चांगली आहे, सांभाळून ठेवा म्हटलं.

बिलावर त्यांनी एकाच ओळीवर बोट ठेवलं, हँडब्रेक केबल. "ब्रेक आता झाला ना, मग ही कशाला? पासिंगच्या वेळी बघू." पासिंगला अजून दोन वर्षं होती. मी म्हटलं केबल घालूनच गाडी देणार, नको असेल तर फेरीवर चालत जा. घातली. पैसे देताना म्हणाले, शेजाऱ्याला काय सांगू? म्हटलं नारळ लागू पडला म्हणून सांगा, कशाला वाद.