सारागोसा, नोंद अकरावी: करवतीचे दात

गेल्या नोंदीत रागाच्या भरात लिहिलं होतं की शेवटाला सबटायटल १४ सेकंद उशिरा का येतात याचा हिशेब लागेपर्यंत 'सारागोसा' या सिनेमाचं नाव काढणार नाही. हिशेब लागला. मी नाही लावला. समोरच्या बिल्डिंगमधल्या ऑपरेटर काकांनी पोह्यांची बशी हातात धरून अर्ध्या मिनिटात लावला. मी त्यात सात आठवडे घालवले होते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. वोईचेख हासचा १९६५ चा पोलिश चित्रपट, 'सारागोसा मॅन्युस्क्रिप्ट'. कृष्णधवल, डायलिस्कोप (रुंद पडद्याचं तंत्र), १८२ मिनिटं. वेताळ पंचविशीवर वाढलेल्या माणसाला यातलं गोष्टीत गोष्ट हे प्रकरण नवं नाही, पण इथला वेताळ खांद्यावरून उतरतच नाही. बाहेरदेशी तो कापूनछाटून दाखवला गेला. पूर्ण प्रत परत उभी राहावी म्हणून ग्रेटफुल डेडच्या जेरी गार्सियाने पैसे घातले. १९९५ मध्ये तो गेला, मग स्कॉर्सेसी आणि कपोला यांनी ते काम तडीस नेलं. इतक्यांनी जीव टाकलेला सिनेमा, आणि माझ्या वाट्याला आली ती ही डीव्हीडीची तबकडी! कोणी काढली ते लिहीत नाही. स्वच्छ केलेल्या आवृत्त्या आता निघाल्या आहेत हेही ठाऊक आहे, तेव्हा कृपा करून पुन्हा कोणी ते सांगू नका. मला हीच दुरुस्त करायची आहे आणि हिच्यावर मराठी सबटायटल चढवायची आहेत. हट्ट म्हणा.

तबकडीचे गुन्हे पुन्हा एकदा मोजते, कारण पुढचं त्यावरच उभं आहे. चित्र ४:३ च्या चौकटीत वरखाली काळ्या पट्ट्या मारून बसवलंय. ५७६ ओळींपैकी चित्राला मिळतात ३२७. नीट अ‍ॅनामॉर्फिक (म्हणजे चित्र आडवं दाबून रुंद चौकटीसाठी) काढली असती तर ४३६ मिळाल्या असत्या. म्हणजे शंभरेक ओळी नुसता काळा रंग छापण्यात गेल्या. त्यात ही पाल (युरोपी टीव्ही-पद्धतीची) तबकडी निघालीय एनटीएससी (अमेरिकी पद्धतीच्या) मास्टरवरून, फील्ड म्हणजे ओळीआड ओळींच्या अर्ध्या फ्रेमा एकमेकांत कालवून. नायक झालेला चिबुल्स्की घोड्यावरून सिएरा मोरेनातून येतो तेव्हा घोड्याला आठ पाय दिसतात. पाचव्या नोंदीत अ‍ॅव्हीसिंथ या व्हिडिओ सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या एसरिस्टोर फिल्टरने ते चार केले होते, आठवत असेल. त्या दिवशी मी सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन आले होते. अ‍ॅव्हीसिंथला मी कितीही शिव्या घातल्या तरी (आणि घालते; एक स्वल्पविराम चुकला की मेलं तोंड फिरवून बसतं) हे काम दुसऱ्या कुणाला जमत नाही. पैसे घेणारी दोन सॉफ्टवेअरं करून पाहिली. दोघांनीही घोडा गुळगुळीत केला आणि पाय आठच ठेवले.

तर आता सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा स्वच्छ प्रवाह हातात आहे. पुण्याच्या मित्राने सबटायटलच्या टायमिंगची फाईल दिली होती ती दुसऱ्या, २५ फ्रेमच्या तबकडीवर बसवलेली. ती धावते १७५ मिनिटं, सिनेमा वेग वाढवून पळवलेला. गणित सोपं: २५ भागिले २३.९७६, म्हणजे १.०४२७ ने गुणा. गुणलं. सुरुवात चोख. शेवटाला सबटायटल १४ सेकंद उशिरा. तलवार म्यानात गेल्यावर पडद्यावर "सावध!"

इथे मी जी चूक केली तिच्यात सात आठवडे गेले. वाटलं, गुणकच चुकला. २३.९७६ ऐवजी सरळ २४ धरून पाहिलं. शेवटचा फरक १४ वरून ३ सेकंदांवर आला. नाचले! १८२ मिनिटांचा एक-सहस्रांश म्हणजे ११ सेकंद, तेच गळत होते असं ठरवून टाकलं आणि उरलेले ३ सेकंद ओढूनताणून बसवायला लागले. सुरुवात बसवली की मधलं निसटायचं, मधलं बसवलं की शेवट. फासाखाली पुन्हापुन्हा जागा होणारा सिनेमाचा नायक वान वोर्डेन म्हणजे मीच, एवढाच काय तो लाभ. आपोआप जुळवणारी साधनं तर बोलायलाच नकोत. आवाजावरून टायमिंग शोधतो म्हणणाऱ्या एकाने सिनेमाच्या, पेंडेरेत्स्कीने दिलेल्या संगीतालाच संवाद समजून त्यावर ओळी चिकटवल्या.

शेवटी कंटाळून जेल रोडवरून आलेखाचा कागद आणला. (गेले होते डीव्हीडी ड्राइव्हची केबल आणायला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, अब ये कौन लेता है?" आणि तरीही खालच्या खणातून काढून दिली. जेल रोडवर काही मिळत नाही असं होत नाही.) दर तीन मिनिटांनी एक ओळ घेतली, ती किती लवकर किंवा उशिरा येते ते मोजलं आणि ठिपका मांडला. साठेक ठिपके जोडल्यावर जे दिसलं ती सरळ रेघ नव्हती. हळूहळू खाली, मग एकदम टणकन वर. पुन्हा हळूहळू खाली, पुन्हा वर. करवतीचे दात. अठराव्या मिनिटाला सबटायटल सेकंदभर लवकर, आणि एकविसाव्याला चक्क थोडं उशिरा.

कागद जेवणाच्या टेबलावर पडला होता. रविवारी काका आले. ते इंदूरच्या एका जुन्या टॉकीजमध्ये तीस वर्षं मशीन चालवत होते, मशीनच्या दिव्यासाठी कार्बन जाळायच्या काळापासून. आईने पोहे दिले, वर शेव जरा सढळ हाताने. काकांनी बशी डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताच्या बोटाने दात मोजले.

"आठ. अगं बाई, नऊ रिळं आहेत ना ही?"

मी नुसतं बघत राहिले.

"दोन हजार फुटाचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं. तुझे दात बघ किती मिनिटांनी आहेत."

वीस, वीस, एकवीस, एकोणीस. काकांचं म्हणणं असं की रीळ आधी फाटतं ते टोकाला. मशीनमध्ये फिल्म ओवताना, गुंडाळताना, घाईत. फाटलं की दोन-चार फ्रेम कापायच्या, खरवडून सिमेंट लावायचं, जोडायचं. पुढच्या गावचा ऑपरेटर आणखी चार कापणार. प्रत दहा-बारा ठिकाणी फिरली की प्रत्येक रिळाच्या शेपटातून आणि पुढच्याच्या डोक्यातून मिळून दीड-दोन सेकंद सहज जातात. आठ जोड, पावणेदोनच्या हिशेबाने १४ सेकंद. माझा पहिला गुणक बरोबरच होता! चुकीचा गुणक घेतल्यामुळे फरक लपला आणि नेमके करवतीचे दात उघडे पडले, हे नशीब की काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

म्हणजे आमची तबकडी काढली गेली ती निगेटिव्हवरून नव्हे, जपून ठेवलेल्या प्रतीवरूनही नव्हे, तर चित्रगृहात झिजलेल्या फिरत्या प्रतीवरून. पुरावा हवा असेल तर उजव्या कोपऱ्यात वर बघा, असं काकाच म्हणाले. रीळ संपायच्या साधारण आठ सेकंद आधी पहिला डॉट, त्यावर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. एक सेकंद आधी दुसरा, त्यावर चेंजओव्हर, म्हणजे दुसऱ्या मशीनवर जायचं. प्रत्येक डॉट चार फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. हा सिनेमा मी निदान वीस वेळा पाहिलाय, एकही डॉट दिसला नव्हता. त्या रात्री फ्रेम फ्रेम सरकवत पहिल्या रिळाच्या शेवटाशी गेले, आणि होता. गोल नव्हता, आडवा अंडाकृती. प्रतीवर दाबून ठेवलेलं चित्र पडद्यावर दुप्पट रुंद होतं, त्याबरोबर गोल डॉटही ताणला जातो. ३२७ ओळींच्या त्या गरीब चित्रात पाचसहा पिक्सेलची पांढरी चिंच.

आणि मग दुसरी गंमत लक्षात आली. पहिल्या डॉटपासून कापापर्यंत आठ सेकंद असायला हवेत. मोजले तर ६.६. म्हणजे शेपटातून १.४ सेकंद गेले, आणि त्या जोडाला एकूण फरक १.९, तेव्हा उरलेला अर्धा सेकंद पुढच्या रिळाच्या डोक्यातला. जोड जोड करत मी आता नुसता फरक नाही, कुठल्या बाजूने किती कापलं तेही सांगू शकते. तक्ता भरत आणला आहे. एका ठिकाणी डॉटच सापडेना, पहिला भाग संपतो तिथे. दोन रात्री त्यात घातल्या. काकांना फोन केला तर म्हणाले, "मध्यांतराला डॉट कशाला लागतोय? दिवे लागतात."

या शोधामुळे सगळा बेतच बदलला. आता एक अखंड फाईल करणारच नाही. नऊ रिळं, नऊ फाईली, प्रत्येकाची वेळ त्या रिळाच्या पहिल्या फ्रेमपासून, तीही मिनिट-सेकंदात नाही, फ्रेमच्या आकड्यात. शिवाय प्रत्येक आवृत्तीसाठी छोटा तक्ता: कुठलं रीळ कुठे सुरू होतं, किती वेगाने चालतं. माझी भिकार तबकडी असो की कुणाची स्वच्छ ब्लू-रे, तक्ता बदला, सबटायटल बसली. लिहितालिहिता सुचतंय की प्रत्येक कापाची माहितीही त्याच तक्त्यात घालावी. पुण्याच्या मित्रा, तुझी फाईल फ्रेमवर बदलून पाठवशील का?

भाषांतराबद्दल थोडं. सहाव्या रिळापर्यंत पोचले आहे. म्हणजे आवादोरोच्या गोष्टीत लोपेझ, लोपेझच्या गोष्टीत बुस्केरोस आणि त्याच्या गोष्टीत फ्रास्केट्टा. आधी ठरवलं होतं की प्रत्येक थराला वेगळा रंग द्यायचा. करून पाहिलं, सबटायटल आमच्या इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीसारखी (रंग उधळत जाणारी मिरवणूक) दिसायला लागली. रद्द. आता थर बोलण्यातून वेगळे करतेय. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळीकडे एकच 'यू', त्यामुळे कोण कुणाला मान देतंय ते मूळ पोलिशवर कान देऊन ठरवावं लागतं. पुरुषाला मानाने 'पान', बाईला 'पानी'. परवा हेडफोन निघाला होता, तर आई आतून ग्लास भरून घेऊन आली. तर राजकन्यांच्या तोंडी 'आपण', सैनिकांत 'तुम्ही', बुस्केरोस मात्र लगट करणारा म्हणून तो पहिल्याच वाक्यात 'तुम्ही'वरून 'तू'वर घसरतो. हे मला फार आवडलंय.

टीव्हीचं रडगाणं संपलं, हीही आनंदाची बातमी. पेन ड्राइव्हवरून लावलं की वेलांटी आणि जोडाक्षरं फुटत होती, 'किल्ला'चा चुराडा व्हायचा. डीव्हीडीचं सबटायटल मुळात अक्षर नसतंच, चित्र असतं, हे इतकी वर्षं ठाऊक असून डोक्यात आलं नव्हतं. आता ओळी संगणकावरच मुक्ता फाँटमध्ये रंगवून चित्र म्हणून चढवते. चारच रंग मिळतात, पुरतात. 'स्त्रिया' अखंड दिसला तेव्हा टीव्हीचा फोटो काढला.

अडलंय ते सहाव्या आणि सातव्या रिळाच्या जोडावर. तिथे ३.४ सेकंद गायब आहेत, दुसऱ्या डॉटसकट, आणि त्यात एक अख्खं वाक्य गेलंय. मित्राच्या फाईलमध्ये ओळ आहे, माझ्या तबकडीवर तोंडच नाही. ओळ गाळली तर पुढचा विनोद कळत नाही. आधीच्या शॉटवर ढकलली तर तिला १.२ सेकंद मिळतात, तेवढ्यात माझी आईसुद्धा वाचू शकत नाही, आणि ती लोकसत्ता दहा मिनिटांत संपवते. काकांना विचारलं. म्हणाले, "आमच्याकडे असा जोड आला की पब्लिक शिट्ट्या मारायचं. तू सबटायटलमध्ये शिट्टी टाक."

सध्या ओळ नऊ शब्दांवरून चारवर आणली आहे. येत्या रविवारी काका तपासायला येणार आहेत. पोह्यांबरोबर जलेबीही पाहिजे, असा निरोप आलाय.