म्हाऊसच्या नदीत अडलेली गाय

एप्रिल-मे म्हणजे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूचा सीझन, सगळं गाव डोंगरात. बोंडू म्हणजे काजूची फळं वेचायची, मळायची, दारूची भट्टी लावायची, त्यात जनावरांकडे बघायला माणूस नसतो, ती आपली सकाळी सोडली की रानात जातात आणि तिन्हीसांजेला घरी येतात. गाभण गाय घरी बांधून ठेवा असं आम्ही गुरांचे डॉक्टर प्रत्येक लसीकरणाला सांगतो. लाळ्या-खुरकूतची सुई टोचून घेतात, कानात बारा आकडी बिल्ला मारून घेतात, मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी गाय परत डोंगरात.

तर वाळपईहून निघायच्या बेतात होतो आणि म्हाऊसहून फोन आला. पलीकडे एक मुलगा, धापा टाकत, "डॉक्टर, गाय अडल्या, एकच पांय भायर आयला." कुठे आहे विचारलं तर म्हणे नदीत. नदीत म्हणजे पाण्यात नव्हे, एप्रिलमध्ये तिथे पाणी असतं कुठे, झरमेच्या बाजूने येणारी ती नदी उन्हाळ्यात नुसता कातळ असते, मधेमधे एखादा कोंड, त्यात गुडघाभर पाणी आणि त्यावर पिवळी फुलपाखरं. जीप जाते तिथपर्यंत गेलो, पुढे बॅग, दोऱ्या आणि पॅराफिनचा कॅन घेऊन चालत. मुलगा पुढे, मागे त्याचे काका. काकांच्या अंगाला हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास इतका की स्पिरिटची बाटली उघडायची गरजच नाही असं वाटलं.

गाय पहिलारू होती, पहिल्याच वेताची. पांढरीशुभ्र, नाकापासून शेपटीपर्यंत, आपली श्वेतकपिला. ही गोव्याची स्वतःची जात, कर्नालच्या पशु आनुवंशिक ब्यूरोने तिची रीतसर नोंद केलीय, पण अजून लोक तिला 'गावठी' म्हणतात आणि जर्सीची कालवड मागतात. बारीक चणीची असते, खाणं कमी, डोंगर चढते, गोचिडांना फारशी जुमानत नाही. पण कातळावर आडवी पडलेली पहिलारू म्हणजे चणीचा फायदा-बियदा काही नसतो. दुपारपासून कळा देऊन देऊन दमली होती, डोळे आत गेलेले, मान जमिनीला टेकलेली.

हात घालून बघितलं तर वासराचं डोकं सरळ होतं, एक पाय बाहेर, दुसरा गुडघ्यात दुमडून मागे अडकलेला. अशी केस आली की बघणारे सगळे म्हणतात ओढा ओढा. ओढायचं नसतंच, उलट वासराला आत ढकलायचं असतं, जागा करायची, मग दुमडलेल्या पायाचा खूर मुठीत झाकून घ्यायचा म्हणजे गर्भाशयाला टोचणार नाही आणि तसाच वर आणून सरळ करायचा. गाय कळा देत असताना हे जमत नाही, हात तुटायची पाळी येते. म्हणून शेपटीच्या मुळाशी मणक्यात भुलीची सुई दिली, तिचं जोर देणं थांबलं, शेपटी लुळी पडली. मुलाला म्हटलं कोंडातून पाणी आण, काकांना म्हटलं तुम्ही फक्त डोकं धरा आणि बोलू नका. काका बोलतच राहिले.

घाईचं कारण वेगळंच होतं. ऊन उतरायला लागलेलं, आणि त्या भागात रात्री रक्ताच्या वासावर बिबट्या येणार हे सांगायला वनखातं लागत नाही. म्हादई अभयारण्य इथून जवळ, 208 चौरस किलोमीटरचं, 1999 साली जाहीर झालेलं, आणि रानाला काय माहीत कुठे हद्द संपते. बाहेरचा माणूस इथली राई बघतो, भेरली माड, किंदळ, वेलींचं जाळं, आणि म्हणतो काय स्वर्ग आहे. आहेच. पण गोठ्यातली दुभती गाय गेली की त्या घराचं वर्षाचं गणित बिघडतं. 2020 च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले तेव्हा सगळा गोवा हळहळला, मीही हळहळलो, पण त्याच्या आधी तिथे कुणाचं तरी पाळीव जनावर मारलं गेलं होतं हे कितीजणांना आठवतं? मेलेल्या गुराचा पंचनामा करायला आम्हीच जातो, दातांच्या खुणा मोजतो, फोटो काढतो, सही करतो, कागद पुढे जातो, आणि मग कुठल्यातरी टेबलावर जाऊन बसतो. मालक दर भेटीला विचारतो, त्याला काय सांगायचं ते मला अजून कळलेलं नाही. विष घालणं चूकच. पण नुसतं चूक चूक म्हणून वाघ वाचत नाहीत.

असो. पाय सरळ झाला. दोऱ्या लावल्या, एकदा हा पाय एकदा तो पाय, आणि ओढ खाली, तिच्या मागच्या पायांच्या दिशेने. काकांनी आता मात्र कामाचा जोर लावला. खांदे आले आणि पुढचं सगळं एकदम, वासरू कातळावर. हालचाल नाही. तोंडातला चिकटा काढला, मागचे पाय धरून उलटं धरलं, नाकपुडीत गवताची काडी घातली, गोणपाटाने छाती खसाखसा चोळली. मुलगा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मग शिंकलं! पाडी होती, तीही पांढरी.

एव्हाना अंधार पडलेला. गायीला कॅल्शियम लावायचं होतं, शीर दिसेना, म्हणून मुलाला म्हटलं मोबाईलचा टॉर्च लाव. तो हातात धरून कंटाळला असणार, त्याने मोबाईल सरळ कातळावर ठेवला, आडवा. उजेड जमिनीला घासून जायला लागला आणि गायीच्या पाठीच्या पलीकडे, दोन हातांवर, एक बैल उभा राहिला.

म्हणजे कोरलेला. इतका वेळ मी तिथेच उकिडवा बसलेलो, बॅग त्याच्यावरच ठेवलेली होती, काही दिसलं नव्हतं. उभ्या उन्हात तो कातळ नुसता काळा सपाट असतो, उजेड आडवा आला की खोलगट रेषेत सावली भरते आणि चित्र वर येतं. म्हाऊसला कातळचित्रं आहेत हे माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं, पेपरात येतं. पण माहीत असणं वेगळं आणि बाटली हातात धरून बसलेलं असताना समोर बैल येणं वेगळं.

कॅल्शियम हळूच सोडावं लागतं, घाई केली तर हृदय बंद पडतं, त्यामुळे मला तिथे बसून बघण्याशिवाय काम नव्हतं. रेषा अशी ओढलेली नव्हे, दगडाने दगडावर ठोके मारून मारून केलेली, जवळून बघितलं तर बारीक बारीक खळगेच खळगे दिसतात. पुरातत्त्ववाले ही चित्रं नवाश्मयुगातली असावीत म्हणतात, म्हणजे लोखंड नाही, छिन्नी नाही, त्याहून कठीण दगड शोधायचा आणि ठोकत बसायचं. मी आधी दक्षिण गोव्यात रिवणजवळ उसगाळीमळची चित्रं बघितलेली, कुशावतीच्या काठावरची, 1993 साली उजेडात आली ती. तिथे जांभा दगड, रेषा खोल, बैल मोठे, ते चक्रव्यूहासारखं गोल प्रसिद्ध आहे. तिथे माणूस थक्क होतो. इथे तसं काही नाही, पण मला हा बैल जास्त आवडला. त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे.

वशिंड बरोबर जागेवर होतं. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण शाळेतल्या पोरांना बैल काढायला सांगा, दहातले आठ वशिंड पाठीच्या मध्यावर काढतात, उंटासारखं. आपल्या देशी गुरांचं वशिंड खांद्यावर, मानेच्या अगदी मागे असतं. याने ते तिथेच काढलंय, आणि शिंगं मुळाशी फाकून मग वर वळवलीत. ज्याने रोज गुरं पाण्यावर आणली, ज्याने असंच कधीतरी रात्री वासरू ओढलं असेल, त्याचाच हा हात. लोक म्हणतात पूजेसाठी कोरलं, शिकारीच्या जादूसाठी कोरलं. असेलही. मला ते गुराख्याचं काम वाटतं, गुरं पाणी पिईपर्यंत करायचं काय?

काकांना विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं? ते म्हणाले, "आमच्या आज्याक ठावक आसलें. तो म्हणायचा पांडवांनी केलंय." आणि लगेच, "डॉक्टर, वासराला चीक कधी पाजू?" तासाभरात, म्हटलं, उभी राहिली की लगेच, आणि पोटभर, खरवसासाठी राखून ठेवू नका.

टॉर्च फिरवून बघितलं तर अजून होते, एक हरणासारखं काहीतरी, आणखी एक बैल. त्या दुसऱ्या बैलाच्या रेषेत पांढरा चॉक भरलेला. फोटो चांगला यावा म्हणून कोणीतरी घासून घासून भरलाय, पोटाकडची रेषा तर चुकीच्या जागी, दगडातल्या नैसर्गिक चिरेवरच ओढलीय. आता पुढचा येणारा तीच रेषा खरी समजणार. मला खरंच चीड आली. पावसात नदी तीन-चार महिने या कातळावरून वाहते, चॉक जाईल, पण तोवर दहाजण येऊन अजून घासतील. तिथे ना कुंपण ना माणूस. कुंपण घाला असंही मी म्हणणार नाही, गुरं पाण्यावर कुठून जाणार मग.

गाय उठायला वेळ लागला. भूल उतरली तशी पुढचे गुडघे टेकून दोनदा प्रयत्न केला, मग उठली आणि वासराला चाटायला लागली. पाडी काकांनी खांद्यावर घेतली, हुर्राक उतरली होती एव्हाना, गाय मागून हंबरत, मुलगा सगळ्यात शेवटी, उगाच मोठ्याने गाणं म्हणत, बिबट्याला ऐकू जावं म्हणून. घरी गेल्यावर चहा झाला. नाळेला आयोडीन परत लावलं, वार बारा तासांत पडली नाही तर फोन करा, आपण ओढायला जाऊ नका असं बजावून निघालो.

सकाळी फोन आला. वार पहाटे पडली, गाय खातेय. मग मुलगा म्हणाला डॉक्टर, रविवारी पणजीहून दोन गाड्या येतायत चित्रं बघायला, मला वाट दाखवायला बोलवलंय, चॉक आणतील, काय सांगू? म्हटलं चॉक घेऊ नको म्हणून सांग, दुपारी नेऊ नकोस, सूर्य टेकला की ने, आणि टॉर्च कातळावर आडवा ठेव. किती घेऊ विचारतो. शंभर घे म्हटलं, माणशी.