जुन्या पिक्चरमधली माणसं अशी पळतात का?

सुट्टीत भाचरं परभणीला आली होती, टीव्हीवर यूट्यूब लावून त्यांना फाळक्यांचा १९१९ चा कालिया मर्दन दाखवायला बसलो, फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झालीय आणि काय झालीय राव! पण थोड्याच वेळात खिदळणं सुरू, "मामा, हे लोकं असे तुरुतुरू का पळायलेत?"

प्रश्न बरोबरच आहे. तेव्हाची माणसं काही अशी चालत नव्हती आणि कॅमेऱ्यातही खोट नव्हती, घोळ आपल्याकडं आहे. कॅमेऱ्याला मोटरच नव्हती, हँडल होतं, एका फेऱ्यात फिल्मच्या पट्टीवर ८ चित्रं उतरायची, सेकंदाला दोन फेरे म्हंजे १६ चित्रं. पुढं बोलपटात २४ ठरली. १६ नी काढलेलं २४ नी दाखवलं की माणूस दीडपट वेगानं पळणारच. सेटिंगमधे जाऊन स्पीड ०.७५ करून बघा, बऱ्याच मूकपटांत माणसं एकदम माणसासारखी चालायला लागतात (काही प्रिंट आधीच दुरुस्त केलेल्या असतात, तिथं उलट सगळे पेंगल्यासारखे दिसतील). आणि १६ सुद्धा काही कायदा नव्हता हो, शेवटी हात तो, कॅमेरावाले ताल चुकू नये म्हणून मनात एखादी चाल म्हणत फिरवायचे, तिकडं थेटरातही मशीन हातानंच फिरायची, म्हणजे एका पिक्चरवर दोन-दोन हात!

आमचे एक काका टुरिंग टॉकीजमधे ऑपरेटर होते, माळेगावच्या जत्रेत वगैरे तंबू लागायचा त्यांचा. त्यांच्या वेळेला मोटर आलेली, पण दिवा कार्बनचा, दोन कांड्या एकमेकींसमोर जळत राहायच्या आणि जळून आखूड झाल्या की सारख्या जवळ सरकवत राहायचं, जरा चहा प्यायला वळलं की पडदा अंधारा आणि तंबूत शिट्ट्या. ते एक गोष्ट कायम सांगायचे की पट्टी पळत नसते, थांबत थांबत जाते. हे मला लई दिवस पटायचंच नाही. पण खरंय ते, प्रत्येक चित्र दिव्यापुढं क्षणभर थांबतं, पडद्यावर पडतं, मग शटर उजेड अडवतं आणि तेवढ्यात पुढचं चित्र ओढलं जातं. हे थांब-चाल जमवणं हीच तर सगळी गोम होती, आणि सिनेमाचं मशीन बनवणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंपैकी लुईला ती सुचली शिलाई मशीनवरून, ती नाही का कपडा थोडा सरकवते, थांबते, टाका घालते. १८९५ साली पॅरिसात त्यांचा खेळ झाला आणि ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. आपण तेव्हा निजामाकडं, मुंबई लांब.

आता हँडल हातात आहे म्हटल्यावर ते थांबवताही येतं ना. फ्रान्सचा जुना पिक्चरवाला मेलिएस स्वतः सांगायचा तो किस्सा असा, पॅरिसात रस्त्यावर शूटिंग करताना कॅमेरा मधेच अडकला, त्यानं सोडवून परत चालू केला, नंतर बघतो तर पडद्यावर बसची एकदम प्रेताची गाडी झालेली! झालं, जादूगारच माणूस तो, त्यातून माणसं गायब करायला लागला. १९०० च्या एका पिक्चरमधे तर तो एकटाच सात वाजंत्री झालाय, त्यासाठी तीच पट्टी उलटी गुंडाळून परत परत त्याच्यावर शूटिंग, हँडलचे फेरे मोजत. सातव्या वेळेला चुकलं तर आधीचे सहाही मातीत, आणि चुकलं का नाही हे पट्टी धुतल्याशिवाय कळणार नाही.

आपल्या फाळक्यांनी १९१२ ला लंडनहून कॅमेरा आणला आणि पैसेवाल्यांना पटवायला काय काढलं, तर वाटाणा! कुंडीत बी लावलं, दिवसांमागून दिवस थोडं थोडं चित्र घेत गेले आणि पडद्यावर मिनिटभरात वेल वर आला. मला विचाराल तर ही फाळक्यांची सगळ्यात हुशार ट्रिक, देव प्रकट करण्यापेक्षाही. कोऱ्या फिल्मला कडेची, पट्टी ओढायला लागणारी भोकं नसायची, ती अंधारात बसून फाळक्यांच्या बायको सरस्वतीबाई पाडायच्या, आणि राजा हरिश्चंद्रचं हँडल होतं त्र्यंबक तेलंगांच्या हातात, ज्यांना कॅमेरा फाळक्यांनीच शिकवला. ही दोन नावं भाचरांना मुद्दाम सांगितली, त्यांच्या पुस्तकात असतील असं वाटत नाही.

मग १९३१ ला आपला पहिला बोलपट आलम आरा आला आणि हाताचं काम संपलं, कारण चित्र थोडं मागंपुढं झालं तर चालतं पण आवाजाला स्पीड पक्का लागतो, नाहीतर गाणारी बाई मधेच बाप्याच्या आवाजात गायची.