खेळवायला माणूस लागतो

आपल्या बागांमधली शिट्टी खेळ थांबवायला वाजते. फोंड्यात जा नाहीतर पणजीत, वॉचमन झोपाळ्यावरून मोठ्या मुलांना उठवतो आणि अंधार पडला की सगळ्यांनाच बाहेर काढतो. माळी आहे, वॉचमन आहे; पोरांना खेळवणारं कुणी नाही. तशी पोस्टच नाही. मी शाळेत पी.टी. घेते, त्यामुळे मला हे जरा जास्तच खुपतं.

अमेरिकेतही सुरुवात नुसत्या राखणीनेच झाली. १८८५ साली बॉस्टनमध्ये एका चॅपेलच्या आवारात मुलांसाठी वाळूचा ढीग ओतला. कल्पना बर्लिनची, डॉ. मारी झक्रझेव्स्का यांनी तिथे पाहून कळवलेली. लक्ष ठेवायला बायका असायच्या. १९०६ मध्ये वॉशिंग्टनला प्लेग्राउंड असोसिएशन स्थापन झाली आणि १९०९ साली क्लार्क हेदरिंग्टन यांच्या समितीने खेळ घेणाऱ्यांसाठी अख्खा अभ्यासक्रमच मांडला. त्यात मुलाची वाढ, वस्तीतली परिस्थिती, आरोग्य, मैदानाची व्यवस्था, सगळं होतं. आम्हाला बी.पी.एड.ला कबड्डीच्या मैदानाची मापं घोकायला लावली, फक्की मारायला शिकवलं. रुसून कडेला बसलेल्या पोराला परत डावात कसं आणायचं, ते नाही.

ते शिकवणारी बाई म्हणजे नेव्हा बॉइड. शिकागोला स्थलांतरितांच्या वस्तीतल्या हल हाउस या समाजसेवा-केंद्रात तिने १९२० साली खेळ घेणाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा काढली. (त्याच साली आपल्याकडे मद्रासला हॅरी बक यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं.) बॉइडच्या वर्गात सांघिक खेळ, लोकनृत्य, नाट्य आणि समाजशास्त्र एकत्र चालायचं. तिची विद्यार्थिनी व्हायोला स्पोलिन. नाटकवाले ज्यांना थिएटर गेम्स म्हणतात, ते तिचे. म्हणजे आमच्या फोंड्यात बालनाट्याच्या शिबिरात पोरं आरशाचा खेळ खेळतात, त्याचं मूळ खेळाच्या मैदानात आहे! १९२७ मध्ये बॉइड नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवायला गेली.

त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कला पदवीधरांना खेळ-करमणुकीच्या कामाचं शिक्षण देणारं नॅशनल रिक्रिएशन स्कूल निघालं होतं, ते १९३५ मध्ये बंद पडलं. पण मंदीत सरकारी रोजगार योजनेतून हजारो माणसं करमणूक-केंद्रांवर लागली होती. त्यांना शिकवणार कोण? १९३७ साली मिनेसोटा विद्यापीठात कॉलेजवाले याच प्रश्नावर एकत्र बसले. पुढे हा विषय विद्यापीठांत रुजला.

आपल्याकडे विद्यापीठाचं राहू दे, पालिकेने निदान सुट्टीपुरता एक माणूस नेमावा. डिग्री कसली बघता? आमच्या शिबिरासाठी मदतनीस निवडताना मी एवढंच विचारते: जून लागला, मैदानात चिखल, तीसेक पोरं एका खोलीत कोंडलीत, काय करशील? बहुतेक जण कॅरम म्हणतात. एका मुलीने उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे रुमाल मागितला आणि बाकं कडेला सारायला लागली. तिलाच घेतलं.