सुईचं वजन कमी ठेवू का?

टर्नटेबल नवा घेतला की ओळखीतल्यांचा पहिला फोन बहुधा याच प्रश्नाचा असतो. ‘कंपनीने सुईचं वजन, म्हणजे रेकॉर्डवरचा तिचा दाब, १.८ ग्रॅम सांगितलंय, पण मी दीडवर ठेवलं तर रेकॉर्ड कमी झिजेल ना?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नाही झिजणार कमी. उलट लवकर खराब होईल.

हा समज कुठून येतो हे कळतं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड-प्लेअर होता. सिरॅमिक कार्ट्रिज (सुईची थरथर विजेच्या लहरीत बदलणारा भाग), सुई नीलमाची, म्हणजे हिऱ्याच्या मानाने फार लवकर झिजणारी, आणि ते धरणाऱ्या आर्मचा दाब चांगलाच. वर रेकॉर्ड अडकायला लागली की घरातलं कुणीतरी आर्मवर चार आण्याचं नाणं ठेवणार, म्हणजे आणखी अडीच-तीन ग्रॅम! तशा खरवडलेल्या रेकॉर्डी चोर बाजारात आजही मिळतात. त्या ऐकल्या की ‘वजन म्हणजे झीज’ हे डोक्यात पक्कं बसतं. पण त्यातला मोठा वाटा महिनोन्‌महिने न बदललेल्या सुईचा असायचा.

आता खाचेत काय चालतं ते बघा. स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेच्या दोन्ही भिंती ४५ अंशांत कललेल्या असतात. आतल्या भिंतीत डावा चॅनल, बाहेरच्या भिंतीत उजवा. सुईने एकाच वेळी दोन्हींना टेकून जायचं असतं. गायकाचा आवाज चढला, तान सुटली, की भिंत सुईला जोरात ढकलते. दाब पुरेसा असेल तर सुई टेकूनच वळते. कमी असेल तर ती उडते आणि परत येऊन आपटते, आणि हिरा व्हायनलवर आपटला की टवका व्हायनलचाच उडणार. तो काही भरून येत नाही. पुढे कितीही भारी कार्ट्रिज आणा, त्या जागी ‘स’ आणि ‘श’ फुटतच राहतात. ऑर्टोफॉनच्या २एम रेड या कार्ट्रिजला १.६ ते २ ग्रॅमची मुभा आहे. मी १.८ च्या खाली जात नाही आणि थंडीत थोडं वरच ठेवतो, कारण गारठ्यात सुईमागचं रबर ताठरतं.

दाब लावताना आधी अँटी-स्केट, म्हणजे आर्मची आतली ओढ तोलणारी कळ, शून्यावर आणा. आर्मच्या मागचं वजन, म्हणजे काउंटरवेट, फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असं करा. मग काउंटरवेट हलू न देता फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा, आणि त्यानंतर दोन्ही मिळून १.८ पर्यंत फिरवा. कडीवर डोळे झाकून विश्वास नको. छोटा डिजिटल काटा घ्या आणि रेकॉर्डच्या उंचीवर ठेवून मोजा.

खरं सांगू? मला वजनापेक्षा कार्ट्रिजच्या कोनाची काळजी जास्त वाटते, आणि ते कुणी विचारतच नाही. मूळ तबकडी कोरताना कटर सरळ रेषेत आत सरकतो. आपला आर्म मात्र एका खिळीभोवती कमानीत फिरतो. त्यामुळे सुई खाचेशी अचूक सरळ अशी फक्त दोन ठिकाणी येते, बाकी सगळीकडे थोडी तिरपी. ही दोन ठिकाणं कुठे असावीत याचं गणित लॉफग्रेनने १९३८ मध्ये आणि बेअरवाल्डने १९४१ मध्ये मांडलं. बेअरवाल्डप्रमाणे ती मध्यापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. स्टीव्हन्सनने १९६६ मध्ये ती आत ओढली, साधारण ६० आणि ११७ वर.

सगळे बेअरवाल्डची शिफारस करतात. शास्त्रीय ऐकणाऱ्याला मी स्टीव्हन्सन सांगतो. एलपीच्या काठाशी खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटलेला. आणि आपल्याकडे ख्यालाच्या एलपीवर आत काय येतं? विलंबित बाहेर ऐसपैस पसरतो, द्रुत आणि त्यातल्या सगळ्या ताना लेबलपाशी येतात. सतारीचा झालाही तिथेच. जिथे रेकॉर्ड सर्वांत अडचणीत, तिथेच गाणं सर्वांत पेटलेलं! मग सुई तिथेच सरळ असलेली बरी. टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलचं कारखान्याचं मापही याच्याच जवळपास जातं.

प्रोट्रॅक्टर, म्हणजे ही दोन ठिकाणं आखलेला नकाशा, कागदावर छापून घेणार असाल तर आधी पट्टी लावून माप तपासा. प्रिंटर ‘पानात बसवतो’ म्हणून आकार बारीक करतो आणि सगळं मुसळ केरात. कोन बदलायला हेडशेलचे, म्हणजे कार्ट्रिज बसवलेल्या आर्मच्या टोकाचे, दोन स्क्रू सैल करताना सुईवर झाकण असू द्या. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर जवळ नेला की ते त्याला खेचतं, आणि टोक नेमकं सुईकडे जातं.

आर्मच्या मागच्या बाजूच्या उंचीबद्दल फार डोकं खाऊ नका. आर्म रेकॉर्डला समांतर दिसला की झालं. नऊ इंची आर्मची मागची बाजू चार मिलिमीटर उचलली तेव्हा कुठे सुईचा रेकॉर्डशी कोन एक अंशाने बदलतो, आणि लोक जाड-पातळ रेकॉर्डनुसार उंची बदलत बसतात.

राहिलं अँटी-स्केट. फिरती रेकॉर्ड आर्मला आत ओढते, त्यामुळे बाहेरच्या भिंतीवरचा दाब कमी पडतो. सुरुवातीला दाबाचाच आकडा इथे ठेवा. मग एखादी चांगली रेकॉर्ड लावून आतल्या भागात ऐका. आवाज उजव्या स्पीकरमध्ये आधी फुटत असेल तर थोडं वाढवा, डाव्यात फुटत असेल तर कमी करा. दोन्हींत सारखाच फुटला तर दुसरी, कमी वाजलेली रेकॉर्ड लावून बघा. तीही तशीच वाजली तर स्क्रू पिळत बसू नका, सुई किती तास चालली आहे ते मोजा. रेडची हजारेक तासांची असते.