दारू सोडायला गेलो आणि टीबी सापडला

दारू सुटून चौदा महिने झाले.

त्याआधी दोन वर्षं आमचं काय चाललेलं तर, फिजिशियनकडे गेलं की ते म्हणणार आधी दारू सोडा मग औषधाचा उपयोग, आणि व्यसनमुक्तीवाले म्हणणार आधी फिटनेस आणा, एवढी शुगर आणि असं लिव्हर असलेला पेशंट आम्ही घेत नाही. बायको बिचारी साडीच्या दुकानाच्या पिशवीत रिपोर्ट कोंबून दोन्हीकडे हेलपाटे घालायची, आणि मी मधल्या मधे पीत राहायचो. मला ते सोयीचंच होतं, खोटं कशाला बोलू.

शेवटी एका ठिकाणी सायकियाट्रीच्या वॉर्डात मेडिसिनचे डॉक्टर रोज राउंडला यायचे, तिथे ॲडमिट झालो. पहिल्या रात्री हात असे थरथरत होते की चहा बशीत ओतेपर्यंत निम्मा चादरीवर. सिस्टरनी सलाईनच्या आधी थायमिनचं, म्हणजे बी-वन व्हिटॅमिनचं, इंजेक्शन दिलं. म्हटलं हे कशाला, तर म्हणाल्या, "काका, पिणाऱ्याच्या अंगात बी-वन उरलेलंच नसतं, नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला धोका." थरथर थांबायला बऱ्याच जणांना लिब्रियम देतात, माझं लिव्हर बघून लोराझेपाम दिली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून? मी म्हटलं बिडीचा आहे. वजन किती उतरलं? ते पण म्हटलं दारूनेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बेडका डबीत घेतला, रिपोर्ट पॉझिटिव्ह. मास्क लावून वेगळ्या खोलीत हलवलं, घरच्यांचीही तपासणी झाली.

खरा गुंता पुढेच. टीबीच्या गोळ्या लिव्हरला जड. परत पिऊ नये म्हणून डायसल्फिराम देणार होते, ती पण लिव्हरला जड आणि टीबीच्या आयसोनियाझिडबरोबर घेतली तर डोकं भ्रमिष्ट होऊ शकतं. दोन्ही डॉक्टर माझ्या कॉटपाशीच उभं राहून बोलले आणि तिच्याऐवजी दारूची ओढ कमी करणारी बॅक्लोफेन ठरली. मी आधीसारखा दोन दवाखान्यांत असतो तर एकाने हे दिलं असतं, दुसऱ्याने ते, आणि घरात पत्ते मोजत बसली असती माझी बायको.

सहा महिन्यांचा कोर्स झाला, बेडका निगेटिव्ह. काउन्सेलर मॅडम "पिलात का?" च्या आधी "गोळी घेतली का?" विचारायच्या, त्याचं मला बरं वाटायचं, उगाच लपवाछपवी नाही.

फक्त शुगरच्या ओपीडीचा वार अजून वेगळा आहे, त्यासाठी महिन्यातून एक खाडा होतो.