‘पलंग संख्या’ : दीर्घकालीन आजाराचे रुग्ण आणि एक सरकारी फॉर्म

इंदूरच्या एका नर्सिंग महाविद्यालयात मी सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय शिकवते. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा अशा जन्माला पुरणाऱ्या आजारांच्या रुग्णांची शुश्रूषा विद्यार्थिनींना नीट शिकवता यावी, म्हणून मी एक व्यवस्था उभी करायला घेतली होती. दोन मुलींच्या प्रत्येक जोडीला एक घर नेमून द्यायचे आणि त्या जोडीने पाचवे सत्र संपेपर्यंत दर शनिवारी त्याच घरी जायचे, एवढीच ती व्यवस्था. वॉर्डात शिकणाऱ्या मुलीला मधुमेही भेटतो तो शुगर चारशेवर जाऊन दाखल झाल्यावर. चार दिवसांनी त्याला घरी सोडतात आणि तो घरी गेल्यावर सकाळी पोहे-जिलेबी खातो की नाही, सणावारी गोळी चुकवतो की नाही, हे तिला कधीच कळत नाही. खरा आजार तर तिथेच, घरात, वर्षानुवर्षे चाललेला असतो.

प्राचार्यांनी लगेच संमती दिली, नागरी आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी आनंदाने होकार कळवला आणि आशा कार्यकर्तींनी सुदामा नगर व लोकमान्य नगर भागांतील इच्छुक कुटुंबांची यादीही करून दिली. उरली होती ती फक्त वरच्या कार्यालयाची लेखी परवानगी.

त्या कार्यालयात मला एक छापील फॉर्म देण्यात आला. त्यात वॉर्डाचे नाव, पलंग संख्या आणि ‘दिनांक से दिनांक तक’ असे तीन रकाने होते, आणि माझी योजना त्यांपैकी एकातही बसत नव्हती. घरी राहणाऱ्या रुग्णाला वॉर्ड नसतो आणि त्याचा पलंग त्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो! मी पलंग संख्येपुढे ‘लागू नाही’ असे हिंदीत लिहिले, तेव्हा टेबलावरच्या बाबूजींनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि अत्यंत शांतपणे सांगितले, ‘‘मॅडम, पलंग संख्या भरिए, खाली नहीं चलेगा.’’ शून्य लिहिले, तर शून्य पलंगांवर विद्यार्थिनी कशा पाठवणार, असा प्रश्न आला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ‘‘तीस लिख दो, कौन देखता है’’ असा सल्ला दिला. परंतु उद्या नर्सिंग कौन्सिलच्या तपासणीत ते तीस पलंग दाखवण्याची वेळ माझ्यावरच आली असती, म्हणून मी तो मानला नाही आणि आजही तो कुणी मानू नये असे मला वाटते.

तारखांचे त्याहून अवघड झाले. फॉर्मला सलग कालावधी हवा होता आणि मला तर फक्त शनिवार हवे होते. सत्राची पहिली आणि शेवटची तारीख लिहिली, तर याच मुली याच काळात रुग्णालयातही पोस्टिंगवर आहेत, एका वेळी दोन ठिकाणी कशा असतील, असा शेरा मारून कागद परत आला. शनिवारांच्या तारखा त्या इवल्याशा रकान्यात बारीक अक्षरांत कोंबल्या, तर संगणकात त्या चढत नाहीत असे कळले. साहेबांना भेटावे म्हटले, तर साहेब बैठकीत किंवा दौऱ्यावर असत, आणि ते जागेवर असत तेव्हा माझा कागद आवक-जावकमध्ये असे. इकडे सत्र पुढे सरकत होते आणि ज्या कुटुंबांना मी शब्द दिला होता, ती ‘‘ताई, पोरी यायच्या होत्या ना?’’ असे विचारू लागली होती. त्या काळात मी घरी सगळ्यांशी तुटक बोलत असे, हे माझ्या सासूबाई अजून ऐकवतात.

ही कोंडी फोडली ती एका निवृत्त मेट्रनबाईंनी. त्यांनी फॉर्म पाहिला आणि विचारले, ‘‘अगं, हा भरतेस कशाला? हा वॉर्डाचा आहे. घरभेटी म्हणजे क्षेत्र-अनुभव. त्याला साधा अर्ज लागतो.’’ अर्जाच्या विषयाच्या ओळीत ‘क्लिनिकल पोस्टिंग’ऐवजी ‘सामुदायिक क्षेत्र-अनुभव’ लिहायचे, शनिवारांच्या तारखा वेगळ्या कागदावर जोडायच्या आणि २०२१ पासून लागू झालेल्या सत्र पद्धतीच्या अभ्यासक्रमातील संबंधित पान प्राचार्यांच्या शिक्क्यासह लावायचे, बस्स. तसा अर्ज गेला आणि त्यावर सही झाली. ज्या टेबलाने मला इतके दिवस पलंग मोजायला लावले, त्याच टेबलावर हा साधा मार्ग पहिल्यापासून ठाऊक होता; मी विचारले नाही म्हणून सांगितले नाही, असे उत्तर मिळाले. माझा राग अजून पुरता ओसरलेला नाही. ज्यांना अशी परवानगी काढायची असेल, त्यांनी कुठलाही फॉर्म हातात घेण्याआधी तो कशासाठी आहे हे विचारून घ्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

पुढचे काम मात्र मनासारखे झाले. पहिल्या दोन भेटींत प्रत्येक घरी एकच उत्तर मिळते : गोळ्या वेळेवर घेतो, पथ्य पाळतो, सगळे छान आहे. नंतर कधीतरी औषधांचा डबा उघडला जातो आणि कोऱ्या पट्ट्या बाहेर पडतात. ‘‘बीपी नॉर्मल आला, मग गोळी कशाला?’’ हे वाक्य मुलींनी इतक्या घरांत ऐकले की, रक्तदाब गोळीमुळेच ताब्यात राहिला आहे हे समजावण्याची प्रत्येकीची स्वतःची एक पद्धत तयार झाली. व्याख्यानातून हे मला कधी जमले नव्हते.

एका घरातील आजींची शुगर कशानेच खाली येत नव्हती आणि घरचे सारा दोष त्यांच्या शेव खाण्यावर ढकलत होते. आमच्या एका विद्यार्थिनीने आजींना तिच्यासमोर इन्सुलिन घ्यायला सांगितले आणि ती नुसती पाहत राहिली. आजींच्या हातातील कुपी मिलिलिटरला ४० युनिटची होती, पण सिरिंज नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. चाळीसच्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत भरले की प्रत्यक्षात ८ युनिटच अंगात जातात. मुलीने तिथे कुणाला दोष दिला नाही. दोन्ही सिरिंजा शेजारी ठेवून खुणा दाखवल्या आणि मला फोन केला. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून, त्यांच्या सांगण्यावरून सिरिंज बदलली आणि पुढचे काही दिवस साखर रोज तपासली, कारण अचानक पूर्ण मात्रा जाऊ लागल्यावर ती फार खाली उतरण्याचीही भीती असते. ७० च्या खाली गेली तर ग्लुकोज द्यायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे सूनबाईंकडून मुलीने तोंडपाठ करून घेतले. मला त्या मुलीचा फार अभिमान वाटला, आणि तसे मी वर्गात सर्वांसमोर बोलूनही दाखवले.

मघाशी अर्जाच्या ओघात राहून गेले : विद्यार्थिनींच्या हिपॅटायटिस बी लसीकरणाच्या नोंदी अर्जासोबतच जोडाव्यात, नाहीतर त्या मागून मागवतात आणि पुन्हा एक आठवडा जातो. रक्तदाब मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवायचे, हे मुली घरात हमखास विसरतात, कारण आत गेल्या गेल्या चहा आणि गप्पा सुरू होतात. चहा आधी घ्यावा लागलाच, तर मोजणी निदान अर्ध्या तासाने करावी. आणि जोड्या ठरवताना एकीला तरी घरातली भाषा येते ना, हे पाहावे. आमच्या बऱ्याच मुली खरगोन, झाबुआकडच्या असून हिंदी उत्तम बोलतात, पण इथल्या जुन्या मराठी घरांतील आजी-आजोबा दुखणे सांगायला लागले की आपसूक मराठीवर येतात.

पुढच्या सत्राचा अर्ज मी परवाच दिला. खिडकीवरून पुन्हा तोच छापील फॉर्म पुढे आला, तो मी नम्रपणे परत केला.